विश्लेषण : खाडीवरचे पाहुणे पक्षी पाहायला पंचांग का लागते? भरती आली की ते जातात कुठे?

ऑक्टोबर उजाडला की ठाणे खाडीच्या चिखलावर हजारो किलोमीटरवरून आलेले पक्षी उतरू लागतात. ते पाहायला जाणाऱ्यांची संख्याही दरवर्षी वाढते आहे. मात्र बरेच जण चुकीच्या वेळी पोहोचतात आणि नुसते पाणी पाहून परततात. ही वेळ ठरते कशी, भरतीच्या वेळी पक्षी कुठे असतात आणि खाडीला संरक्षण मिळूनही पक्षीप्रेमी काळजीत का आहेत, याविषयी…

पहिली फेरी फुकट का गेली?

मागच्या वर्षी पहिल्यांदा नेरुळच्या खाडीकिनारी गेले, तेव्हा तयारी चोख केली होती. उसनी दुर्बीण, पाण्याची बाटली, टोपी, फोनमध्ये पक्षी ओळखण्याचे अ‍ॅप. पक्षी पहाटे दिसतात एवढे ऐकून होते म्हणून बरोबर सात वाजता हजर. समोर पाणीच पाणी. तासभर थांबून दोन बगळे, एक खंड्या आणि नेहमीच्या घारी एवढीच नोंद झाली. सारसोळ्याच्या जेट्टीवर जाळे उलगडत बसलेल्या एका काकांनी दुर्बिणीकडे पाहून विचारले, ‘‘बाय, आज तिथ कंची हाय, ते बघलं का?’’

तिथी होती नवमी. घड्याळ पाहून निघाले होते, तिथी पाहायला हवी होती. त्यानंतर ऑक्टोबरमधल्या एका रविवारी, चतुर्दशीला, एका छोट्या गटाबरोबर त्याच किनाऱ्यावर पुन्हा गेले. जागा तीच, वेळही सकाळी सातचीच. या वेळी मात्र समोर चिखलाचे मैदान पसरले होते आणि ते अक्षरशः हलत होते.

भरतीचे गणित नेमके काय आहे?

कोकणातल्या मच्छीमारांकडे यासाठी एक जुना हिशेब आहे. तिथीचा अंक घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या वाजता साधारण पूर्ण भरती असते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. नवमीला पावणेसात. म्हणजे पहिल्या फेरीत मी भर भरतीच्या वेळी किनाऱ्यावर उभी होते.

यामागचे विज्ञान सोपे आहे. चंद्र दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि त्याच्यामागोमाग भरतीही रोज जवळपास तेवढीच पुढे सरकते. ५० मिनिटे म्हणजे ढोबळ पाऊण तास. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीनंतर दुसरी सुमारे साडेबारा तासांनी, आणि दोन्हींच्या मध्ये ओहोटी.

हा हिशेब अंदाजाचा आहे. पौर्णिमा जवळ आली की तो थोडा मागे पडतो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते, प्रत्यक्षात मुंबईत पौर्णिमेची भरती दुपारी बाराच्या आसपास येते. शिवाय समुद्रातले पाणी खाडीच्या आत शिरायला आणखी वेळ घेते. त्यामुळे नेमक्या वेळेसाठी छापील किंवा ऑनलाइन भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा. पण ‘या रविवारी जावे की पुढच्या’ एवढे ठरवायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरेशी आहे.

आणखी एक गोष्ट तिथीवरून कळते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास येते ती उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास येते ती भांगाची. मुंबईत उधाणाच्या भरतीची उंची साडेचार मीटरच्या पुढे जाते, भांगाच्या दिवसांत ती साडेतीन मीटरच्या आसपास राहते. उधाणाच्या दिवसांत पाणी जितके वर चढते, तितकेच ओहोटीला दूर हटते आणि चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडतो.

आमच्या चतुर्दशीच्या फेरीत पूर्ण भरती अकराच्या सुमारास होती. सात वाजता पाणी चढू लागले होते, पण अजून लांब होते. हीच वेळ सर्वांत चांगली. चढते पाणी पक्ष्यांना हळूहळू किनाऱ्याकडे ढकलत आणते. आपण जागेवर उभे राहायचे, पक्षी आपल्याकडे येतात.

ऑक्टोबरच का?

चिखलावर चरणाऱ्या या लहान-मध्यम आकाराच्या पक्ष्यांपैकी बरेच जण उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात आणि सैबेरियात वीण करतात. तिथला उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा. तेवढ्यात घरटे, अंडी, पिल्ले सगळे उरकावे लागते. अनेक जातींत मोठे पक्षी आधी निघतात आणि त्याच वर्षी जन्मलेली पिल्ले मागून, आयुष्यात कधीही न पाहिलेल्या वाटेने येतात. आपल्याकडे पहिले पाहुणे ऑगस्टमध्येच दिसू लागतात. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरतो, आकाश मोकळे होते आणि गर्दी वाढते. मुक्काम एप्रिल-मेपर्यंत असतो.

हे सगळे ‘मध्य आशियाई उड्डाणमार्गा’चे प्रवासी. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंतच्या ३० देशांवरून हा मार्ग जातो आणि किमान १८२ जातींचे स्थलांतरित पाणपक्षी तो वापरतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘सैबेरियाहून आलेले फ्लेमिंगो’ असे दरवर्षी कुठे ना कुठे छापून येते. मुंबईतले फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, सैबेरियाचे नाहीत. त्यांची मोठी वीण वसाहत गुजरातमध्ये कच्छच्या रणात आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने म्हणजे बीएनएचएसने २०२२ मध्ये ठाणे खाडीतील सहा रोहित पक्ष्यांवर उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसवली होती. त्यांच्या हालचालींतूनही मुंबई-गुजरात ये-जा स्पष्ट झाली. त्यांचे मोठे थवे बहुधा नोव्हेंबरनंतर येतात. ऑक्टोबरच्या फेरीत गुलाबी किनारा दिसेल या अपेक्षेने जाऊ नये. ऑक्टोबर असतो तो लहान, करड्या, पटकन न ओळखू येणाऱ्या पक्ष्यांचा.

चिखलात एवढे आहे तरी काय?

लांबून पाहिले तर ही चिखलपट्टी ओसाड वाटते. प्रत्यक्षात तिच्या पोटात किडे, लहान खेकडे, शिंपले आणि गोगलगायी खच्चून भरलेल्या असतात. हे भांडार सगळ्यांना मिळून खाता येते, कारण प्रत्येकाची चोच वेगळ्या मापाची आहे. आखूड चोचीचा चिखल्या पृष्ठभागावर दिसेल ते टिपतो. दोन पावले धावतो, थांबतो, टोच मारतो. लांब सरळ चोचीचा पाणटिवळा चोच मुळापर्यंत खुपसतो. कुरलाची खाली वाकलेली चोच खेकड्याच्या बिळात शिरते. छोटा रोहित पाण्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. एकाच टेबलाभोवती बसून प्रत्येकाने वेगळे ताट घ्यावे, तसा हा प्रकार.

हे खाणे म्हणजे त्यांच्यासाठी इंधन. लांबच्या उड्डाणाआधी हे पक्षी अंगात चरबी साठवतात. काही जातींचे वजन त्या काळात दुपटीच्या जवळ जाते. या इंधनावर काय होऊ शकते, याचे टोकाचे उदाहरण २०२२ मधले आहे. पाणटिवळ्याच्याच कुळातला, पट्टेरी शेपटीचा, जेमतेम पाच महिन्यांचा एक पक्षी अलास्काहून निघाला आणि वाटेत कुठेही न उतरता १३,५६० किलोमीटर उडून ११ दिवसांनी ऑस्ट्रेलियातील टास्मानियाला पोहोचला. त्याच्या अंगावरच्या यंत्राने ही नोंद केली.

आपल्याकडे उतरणारा छोटा टिलवा एवढा मोठा नसतो. त्याचे वजन २५-३० ग्रॅम. क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे एका चेंडूत पाच-सहा टिलवे मावतील. एवढासा जीव ध्रुवप्रदेशातून येतो. त्याच्या टाकीत इंधन किती उरले आहे आणि ते कुठे खर्च होते आहे, हा त्याच्यासाठी जगण्या-मरण्याचा हिशेब असतो.

भरती आली की पक्षी जातात कुठे?

त्या रविवारी साडेनऊच्या सुमारास चिखलाची शेवटची पट्टीही आक्रसू लागली. टिलवे आणि चिखले दाटीवाटीने कडेला आले. मग एकदम सगळा थवा उठला, हवेत एक वळसा घेतला. वळताना त्यांची पांढरी पोटे चमकली. मग ते समुद्राकडे न जाता आमच्या डोक्यावरून जमिनीच्या दिशेने गेले.

आम्हीही वळलो आणि त्यांच्या मागे चालत पाम बीच रस्त्याच्या बाजूच्या पाणथळींकडे आलो. टीएस चाणक्य संस्थेजवळ आणि एनआरआय संकुलामागे अशा उथळ पाणथळी आहेत, पलीकडे नेरुळचा डीपीएस तलाव आहे. घोट्याएवढ्या पाण्यात आणि ओलसर मातीवर तेच पक्षी उभे होते. काही एका पायावर, काही पाठीच्या पिसांत चोच खुपसून. लांब लाल पायांचे शेकाटे तेवढे फिरत होते. बाकी सगळे गप्प.

खाडीवरच्या फेरीतली खरी समजण्याची गोष्ट ही. या पक्ष्यांना दोन जागा लागतात. ओहोटीला चरायला चिखल, आणि भरतीला थांबायला कोरडी किंवा अगदी उथळ पाण्याची मोकळी जागा. ते बदकांसारखे पाण्यावर तरंगत राहू शकत नाहीत. बहुतेक जातींना कांदळवनाच्या दाट फांद्यांत बसणेही जमत नाही. त्यांना चारी बाजूंनी दिसेल असे मैदान लागते, म्हणजे शिकारी पक्षी किंवा कुत्रा आला तर वेळेत उडता येते. पूर्वापार ही गरज मिठागरे आणि किनाऱ्यामागच्या उथळ तळ्यांनी भागवली.

ही दुसरी जागा गेली तर? तर भरतीचे तीन-चार तास पक्षी हवेत फिरत राहतात किंवा दूरची जागा शोधतात. धावपट्टी मोकळी नसली की विमान घिरट्या घालत इंधन जाळते, तसेच. दिवसातून दोनदा भरती, महिन्याचे तीसही दिवस. चिखलात खाऊन कमावलेली चरबी अशी खर्च झाली, तर वसंतात परतीच्या प्रवासाला काय उरणार? त्यामुळे खाडीचा चिखल जसाच्या तसा राहिला तरी पक्षी कमी होऊ शकतात.

संरक्षण कशाला आहे, कशाला नाही?

खाडीचे संरक्षण कागदावर भक्कम आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यात कांदळवन आणि पाणी दोन्ही आले. ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या ‘रामसर’ यादीत स्थान मिळाले. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचे राज्यातले हे तिसरे रामसर स्थळ, क्षेत्र सुमारे ६,५२१ हेक्टर.

प्रश्न आहे तो या सीमेबाहेरच्या विश्रांतीच्या जागांचा. बीएनएचएसने अभयारण्याच्या जोडीला सहा पाणथळी जपाव्यात, असे सुचवले आहे. भांडुप, नवी मुंबईतील एनआरआय आणि टीएस चाणक्य, उरण भागातील बेलपाडा, भेंडखळ आणि पाणजे. अभयारण्य हा ग्रह आणि या पाणथळी त्याचे उपग्रह, अशी ती कल्पना. यातल्या अनेक जागा शहराच्या ऐन वाढीच्या पट्ट्यात आहेत. जमिनीच्या नोंदीत त्या विकासयोग्य भूखंड दिसतात, पक्ष्याला भरतीच्या वेळी उतरायची जागा दिसत नाहीत.

डीपीएस तलावाचे उदाहरण बोलके आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात खाडीतून तलावात येणारे भरतीचे पाणी अडले, तलाव कोरडा पडला आणि परिसरात फ्लेमिंगोंचे मृत्यू झाले. तलावावर कुणी इमारत बांधली नव्हती. फक्त पाण्याची वाट बंद झाली होती. नागरिकांच्या पाठपुराव्यानंतर वाट मोकळी झाली, पाणी आले आणि पक्षीही परतले. पुढे २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. अभयारण्याबाहेरच्या विश्रांतीच्या जागेचे महत्त्व सरकारी पातळीवर मान्य झाले, हे त्यातले विशेष.

खाडीच्या पश्चिम तीरावर प्रश्न मिठागरांचा आहे. कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील २५५.९ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. घरांची गरज खरी आहे आणि मुंबईत मोकळी जमीन दुर्मीळ आहे, हा सरकारचा युक्तिवाद. ही जमीन पुराचे पाणी साठवते आणि पक्ष्यांना आसरा देते, हा पर्यावरण कार्यकर्त्यांचा. वाद न्यायालयापर्यंत गेला. निकाल काहीही असो, मिठागर म्हणजे पडीक जमीन नव्हे, एवढे भरतीच्या वेळी तिथे उभे राहिल्यावर कळते.

पक्ष्यांची ही ये-जा शहराच्या आकाशातूनच होते, याचीही आठवण ठेवायला हवी. मे २०२४ मध्ये घाटकोपर परिसरात रात्री विमानाची धडक बसून ३९ फ्लेमिंगो मृत्युमुखी पडले. ते त्या वेळी तिथे का होते, यावर एकमत नाही. आता नवी मुंबईतही विमानतळ सुरू झाला आहे. पाणथळी नाहीशा झाल्या की पक्षी नाहीसे होतील असे समजणे धोक्याचे आहे. ते दुसरीकडे उतरतील, आणि ती जागा कोणती असेल हे आपल्या हातात नसेल, असे अभ्यासक बजावत आले आहेत.

जगाच्या पातळीवर चित्र काय?

ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक लाल यादीच्या आढाव्यात किनारी चिखलावर जगणाऱ्या १६ स्थलांतरित जातींची स्थिती पूर्वीपेक्षा बिकट ठरवण्यात आली. त्यांत इंग्रजीत ज्याला कर्ल्यू सँडपायपर म्हणतात, तो बाकदार चोचीचा टिलवाही आहे. तो आता ‘संकटग्रस्त होण्याचा धोका असलेल्या’ गटात आहे. हा पक्षी ठाणे खाडीचा नेहमीचा पाहुणा. त्या रविवारी आम्ही ज्या थव्याकडे ‘हे सगळे सारखेच दिसतात’ म्हणून फार लक्ष दिले नाही, त्यातही तो होता. सोबतच्या अनुभवी पक्षीनिरीक्षकाने दाखवल्यावर कळले.

जायचे असेल तर काय लक्षात ठेवावे?

पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचा दिवस निवडा आणि पूर्ण भरतीच्या तीन-चार तास आधी पोहोचा. भरती सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान असेल तर उत्तम.

नवी मुंबईचा किनारा खाडीच्या पूर्वेला आहे. सकाळी ऊन पाठीमागे राहते आणि पक्ष्यांचे रंग नीट दिसतात. शिवडी-भांडुपच्या बाजूने सकाळी ऊन डोळ्यांवर येते, तिथे दुपारनंतरची वेळ बरी.

दुर्बीण घ्यायची असेल तर ८×४२ पुरेशी. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पटीची दुर्बीण हातात स्थिर राहत नाही.

चिखलात उतरू नका. माणूस कमरेपर्यंत रुतू शकतो. विश्रांती घेणाऱ्या थव्याच्या जवळ जाऊन फोटोसाठी त्याला उडवू नका, ड्रोन तर नकोच. आपल्यासाठी तो एक फोटो असतो, त्यांच्यासाठी खर्च झालेले इंधन.

पायात रंगीत कडे किंवा झेंडी असलेला पक्षी दिसला तर रंगांचा क्रम आणि अक्षरे टिपून बीएनएचएसला कळवा. तो कुठून आला, हे त्यावरून शोधता येते.

५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात ठिकठिकाणी जाणकारांबरोबर फेऱ्या निघतात. नवख्यांनी सुरुवात तिथून करावी.

आणि शेवटी, फक्त खाडीवरून परतू नका. पाणी चढले, चिखल बुडाला, की मागे वळून थवा कुठे जातो ते पाहा. त्या तळ्याचे, मिठागराचे किंवा मोकळ्या जागेचे नाव, तारीख आणि वेळ वहीत लिहा, जमल्यास पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. उद्या त्या जागेवर भराव पडू लागला, तर ‘इथे पक्षी येत होते’ हे सांगायला अशाच नोंदी उपयोगी पडतात. आम्ही त्या रविवारी साडेअकरापर्यंत तळ्याच्या काठी थांबलो आणि उन्हाने हैराण होऊन निघालो. पक्षी तिथेच उभे होते, पाणी उतरण्याची वाट पाहत.